धोंडोपंत अजून उठलेले नाहीत

ताई,

मार्च लागला. "मग मार्चमध्ये बोलू," असं म्हणून तू भिंतीकडे कूस वळवली होतीस, म्हणून सांगतो. मी माझ्याकडून वेळ पाळली आहे. तू नाहीस, आणि धोंडोपंत अजून दगडाखालून बाहेर आलेले नाहीत.

ऑफिस सुटलं की रोज तुझ्याच घरी जातो. महिनाअखेरीला घर नव्या मालकांच्या ताब्यात द्यायचं आहे. मुक्ता कपाटं आवरून ओहायोला परत गेली, उरलंसुरलं मी बघतो. भांडी गेली, पुस्तकं गेली, सोफा कुणीतरी येऊन उचलून नेला. रिकाम्या घरात माझ्याच चपलांचा आवाज मोठा येतो. मागच्या खोलीत मात्र ती काचेची पेटी, तिच्यात तू स्वतः रचलेले चपटे दगड आणि वरचा दिवा, सगळं जागच्या जागी आहे. पेटी आमच्या घरी न्यायची आहे; तुझ्या भावजयीने, मेधाने, खिडकीजवळ जागासुद्धा करून ठेवली आहे. पण पेटी हलवायची तर दगड उचलावे लागतील, आणि दगड उचलले तर खाली काय आहे ते बघावं लागेल. मी अजून उचललेले नाहीत.

काल मुक्ताचा फोन आला.

"मामा, आर यू शुअर ही इज अलाइव्ह?"

"हिवाळ्यात तो असाच असतो गं."

"आय नो. पण यू डिडन्ट आन्सर."

तुझीच मुलगी आहे.

हे मंडळाच्या अंकात छापायचं आहे. इथे चँडलरमध्ये तुला न ओळखणारा मराठी माणूस सापडणार नाही, पण धोंडोपंतांना पाहिलेले थोडेच. त्यांच्यासाठी सांगायला हवं. धोंडोपंत हा चकवाला आहे. आपल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, तापलेल्या खडकांवर राहणारा, हातभर लांबीचा, पोटाला पसरट सरडा. दात-नखं दाखवत नाही, विष नाही, मांस खात नाही. फुलं आणि पाला खातो. कुणी धरायला आलं तर खडकाच्या फटीत शिरतो आणि अंगात हवा भरून असा फुगतो की दोन्ही बाजूंच्या दगडांत घट्ट बसतो. मग त्याला ओढून काढणं अवघड. त्याचा सगळा बचाव तेवढाच.

भाओजी गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू त्याला आणलंस. मी म्हटलं होतं, मांजर आण. तू गेलीस ती लोकांनी सोडून दिलेले सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेत, आणि तिथला सगळ्यात कमी हलणारा प्राणी निवडलास. "हा बरा. उगाच लाडीगोडी लावत नाही," म्हणालीस. आधीच्या मालकाने त्याचं नाव रॉकी ठेवलं होतं. "रॉकी काय! कुत्र्याला हाक मारल्यासारखं. दगडावर बसतो ना? मग धोंडू." आठवडाभरात धोंडूचा धोंडोपंत झाला, कारण तो बसायचाच तसा, पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखा, मान वर आणि डोळे अर्धे मिटलेले. मग तू त्याला अहोजाहो करायला लागलीस. "धोंडोपंतांचं ऊन झालं का?" "धोंडोपंत आज नाराज दिसतात." मंडळात कुणीतरी विचारलं, "काय हो ताई, घोरपड पाळलीत म्हणे? गडबिड चढवणार आहात का तिला?" तू म्हणालीस, "घोरपड तुमच्या घरी असेल. आमचे धोंडोपंत शाकाहारी आहेत."

ओव्याची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. त्याच्या नाकपुड्यांवर पांढरी खरपुडी दिसायची आणि तो फुर्रकन शिंकायचा. काचेवर पांढरे ठिपके उडायचे. एकदा मी आलो तर तू तव्यावर ओवा गरम करून, फडक्यात पुरचुंडी बांधून, कपड्यांच्या चिमट्याने पेटीच्या जाळीला लटकवली होतीस. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या उशाशी ठेवतो तशी.

"ताई, ही सर्दी नाही. अंगातलं जास्तीचं मीठ तो असं शिंकून टाकतो."

"मीठ? मी त्याच्या जेवणात मीठ घालतच नाही!"

हसताना मेधाला ठसका लागला. तू मात्र पुरचुंडी लगेच काढली नाहीस. "राहू दे. ओव्याने कुणाचं वाईट झालेलं नाही," म्हणालीस. मी ती काढून घेतली, आणि माझ्याशी तू संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस.

आपल्या दोघांत हे कायमचंच. मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मोजमाप तपासण्याचं काम करतो. मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तुझा सगळ्यावर आधी विश्वास बसायचा, मग तू मोजायचीस, आणि मोजमाप जुळलं नाही तर काट्याला बोल लावायचीस. मी या देशात आलो तेव्हा पहिलं वर्ष तुझ्याच घरी होतो. येताना शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं जायची, वर्षाने एकही जाईना. मंडळाच्या गणपतीत जेवण बुफे पद्धतीचं असलं तरी तू श्रीखंडाचं पातेलं घेऊन टेबलांमधून फिरायचीस. माणसं ताटावर हात आडवा धरायची आणि तू बोटांच्या फटीतून वाढायचीस. "एक घास. बघ हं, हा एकच." ते ऐकत मी मोठा झालो. आई शाळेवर जायची तेव्हा मला तूच भरवायचीस. उपाशी झोपू दिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर भूक कशी असते तेही कळू दिलं नाहीस.

त्यात धोंडोपंतांमुळे तुझा एक जुना प्रश्न सुटला होता. देवाला वाहिलेल्या फुलांचं काय करायचं? निर्माल्य कचऱ्यात टाकवत नाही, आणि इथल्या कालव्यात टाकलं तर दंड. तू वर्षानुवर्षं ते कुंड्यांत पुरत होतीस. मागच्या अंगणात दक्षिणेच्या भिंतीला तुझी लाल जास्वंद, साधी, एकेरी. सकाळी उमललेलं फूल गणपतीला, आणि दुपारी तेच फूल, अजून ताजं असतानाच, धोंडोपंतांना. तो मान वाकडी करून बघायचा, जिभेचं टोक लावायचा आणि मग पाकळी पाकळी खायचा. एखाद दिवशी पूजेला उशीर झाला की तू देवाला सांगायचीस, "तुला कालचं शिळं चालतं रे. यांना चालत नाही."

तो पहिला हिवाळा. थंडी पडली आणि त्याने खाणं थांबवलं. आधी मेथी नको, मग लाल भोपळा नको, मग जास्वंदसुद्धा नको. दगडाखाली जाऊन बसला. तू पार बिथरलीस. पालक बारीक चिरून पुढे केलास. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पालक मुळीच देऊ नका म्हणून सांगितलं, कारण त्याने अंगातलं कॅल्शियम अडकून राहतं. तुला ते पटेना. "पालक वाईट? पालक?" मग पाकळी चिमटीत धरून तू दगडाच्या फटीशी बसून राहायचीस. "एक घास. बघ हं, हा एकच." बाईंनी फोनवर समजावलं, की तो आजारी नाही, हिवाळ्यात ही जनावरं अशीच न खाता पडून राहतात, मार्चच्या सुमाराला उठतात. फोन ठेवून तू म्हणालीस, "न खाता कुणी बरं राहतं का?"

शेवटी तुझा कणीक मोजायचा काटा घेऊन मी बसलो. दर रविवारी त्याला अलगद काढून त्यावर ठेवायचा, वजन बघायचं आणि परत दगडाखाली सोडायचं. (त्या काट्यावर मोजलेल्या कणकेची पोळी मी खाणार नाही, असं मेधाने जाहीर केलं, म्हणून तुला नवा काटा आणून दिला.) आठवड्यामागून आठवडे गेले. वजन जेमतेम चार-सहा ग्रॅमने इकडेतिकडे. जानेवारीअखेर तू काट्याकडे बघत म्हणालीस, "म्हणजे खरंच नको असतं त्याला." तुझ्या आवाजात मी हार ऐकली होती. आता वाटतं, ती हार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तू कुणाचं तरी "नको" खरं मानलं होतंस.

मार्चमध्ये तो बाहेर आला तेव्हा तू मला मीटिंगमध्ये फोन केलास. "धोंडोपंत उठले!" मी घाबरून विचारलं, "कुठले धोंडोपंत?" सगळी टीम माझ्याकडे बघत होती.

त्याच वसंतात आपण त्याचे भाऊबंद बघायला गावाच्या दक्षिणेच्या डोंगरावर गेलो. ऊन तापायच्या आत निघायचं असं मी म्हटलं होतं. तू म्हणालीस, तापल्याशिवाय ते बाहेर कसे येतील? बरोबर होतं तुझं. काळ्या खडकांच्या राशीवर एक मोठा नर बसला होता, काळा कुळकुळीत, शेपूट मात्र गाजरासारखं केशरी. त्या डोंगरावरच्या नरांचं तसंच असतं. मी थर्मामीटरची बंदूक काढून खडकावर रोखली.

"दगडाला ताप आलाय का बघतोस?"

"एकशे अठरा," मी म्हटलं.

"मग क्रोसिन दे."

तेवढ्यात तो पुढच्या पायांवर वर-खाली व्हायला लागला. "जोर काढतोय बघ!" तू टाळी वाजवलीस आणि तो फटीत गेला. आपण जवळ जाऊन वाकलो. आतून दगडावर कातडी घासल्याचा आवाज आणि फुसफुसत हवा भरल्याचा. आत अंधारात नुसती फुगलेली खरखरीत कूस दिसत होती. तू कुजबुजलीस, "आता कुणाच्या बापाला निघायचा नाही." मी वाचलेलं सांगितलं, की पूर्वी इथले लोक टोकदार काठीने टोचून त्याची हवा काढत आणि मग ओढून खायला नेत. तू माझ्याकडे रागाने बघितलंस. "तुला सगळं सांगायलाच हवं का?"

उतरताना वाद झाला. तुला धोंडोपंतांना तिथे आणून सोडायचं होतं. "हे त्याचं घर आहे. आपण त्याला काचेत कशाला ठेवलंय?" मी म्हटलं, तो पिंजऱ्यातच अंड्यातून निघाला, त्याला फट शोधता येणार नाही, ससाण्याची सावली ओळखता येणार नाही, आणि आपल्या घरातला एखादा रोग तो इथल्यांना देईल. संस्थेनेही बजावलं होतं, कधीही सोडू नका.

"मी तरी कुठे इथली होते? राहिलेच की."

"तुला दिवा होता, थर्मोस्टॅट होता, भाओजी होते."

"आणि काच?" तू विचारलंस. "ती पण होती का रे?"

दुसऱ्या दिवशी येऊन पेटी खिडकीशी सरकवली, तो डोंगर दिसेल अशी. काचेतून येणारं ऊन त्याला पुरत नाही, दिवा लागतोच, हेही सांगितलं. तू म्हणालीस, "दिसू दे नुसता." त्याला तो दिसतो की नाही, हे मला माहीत नाही. त्या वादात तुझं बरोबर होतं की माझं, हेही अजून ठरलेलं नाही. त्याला सोडू नये हे माझं खरं होतं. तेवढ्याने सगळं संपत नाही, हे तुझं.

मग ते आजारपण. त्याबद्दल इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी उपचार थांबवले आणि तू घरी आलीस. तू म्हणालीस म्हणून पलंग मागच्या खोलीत टाकला, पेटीसमोर. धोंडोपंत तोवर दगडाखाली गेले होते. घरी येणारी नर्स शांत बाई होती. ती म्हणाली, मागेल तेवढंच द्या. शरीरच आता अन्न नको म्हणतंय, भरवलंत तर त्रास होईल. मला तिचा शब्द न् शब्द कळला. तरी मी रोज डबा घेऊन यायचो. मऊ भात, मुगाचं कढण, पेज. रोज तुला वजनकाट्यावर उभं करायचा प्रयत्न करायचो, जमेना तेव्हा मनगटाला बोटांचा वेढा घालून बघायचो.

"एक घास, ताई. बघ हं, हा एकच."

तू हसलीस. "माझंच वाक्य मला वाढतोस होय रे?"

"तुझ्याकडूनच शिकलोय."

"मग पुढचंही शीक ना. धोंडोपंतांना हिवाळ्यात कुणी भरवतं का? तेव्हा तुला कळलं होतं, मला कळत नव्हतं. आता मला कळलंय तर तू फुगून बसलायस फटीत. हवा सोड, नंदू."

मी चमचा खाली ठेवला नाही. म्हटलं, "ते मार्चमध्ये उठतात, ताई."

तू पेटीकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बरं. मग मार्चमध्ये बोलू." आणि कूस वळवलीस. संक्रांतीला तिळाचा एक दाणा जिभेवर ठेवून घेतलास, तोही माझ्या समाधानासाठी. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू गेलीस.

दहाव्याला गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की पिंड अंगणात ठेवा आणि कावळ्याची वाट बघा. इथे कावळे कुठले? ग्रॅकल असतात, दुकानांच्या पार्किंगमध्ये फ्राइज पळवणारे ते काळे चोर. पान जमिनीला टेकतं न टेकतं तोच दोघे आले आणि फस्त करून गेले. आम्हाला हात जोडायलाही वेळ मिळाला नाही, काही कबूल करायलाही नाही. मुक्ता हसायला लागली आणि हसता हसता रडली. "सो आईची काहीच विश राहिली नव्हती?" मेधा म्हणाली, "नव्हती गं. तृप्त गेली ती." मी मान डोलावली. पण मला ते पटलं नाही. तुझं एक बोलणं राहिलं होतं, आणि ते माझ्याशी होतं.

यंदा मी धोंडोपंतांचं वजन केलेलं नाही. एकदाही नाही. काटा ओट्यावर तसाच आहे. हात जात नाही. वजन बघितलं की कळेल, आणि सध्या मला आणखी काही कळायला नको आहे. दिव्याची वेळ रोज थोडी वाढवतो, पाणी बदलतो, खिडकीचा पडदा उघडतो आणि जमिनीवर बसतो, कारण खुर्च्या गेल्या. थकवा असा आहे की बसल्यावर उठायचं कारण शोधावं लागतं.

तर मार्चमध्ये बोलायचं होतं ते बोलतो. तू दोन चमचे पेज घेतली असतीस तर चार दिवस जास्त मिळाले असते, असं मला अजून वाटतं. ते चार दिवस कुणाला हवे होते, असं तू विचारशील. मला. हे खरं उत्तर आहे आणि ते तेव्हा तोंडातून आलं नाही. मी भाताची भाषा बोलत राहिलो, कारण आपल्या घरात प्रेमाची दुसरी भाषा कुणी शिकवलीच नाही; तू तर नाहीच नाही. त्याबद्दल तक्रार नाही. त्याच भाषेवर मी पोसलो आहे.

जानेवारीच्या कडाक्यात तुझी जास्वंद करपली होती. मी ती छाटून टाकली, वाटलं गेलीच. आज शनिवार, म्हणून सकाळीच आलो. भिंतीच्या बाजूला, खाली, एकच फूल होतं. नेहमीपेक्षा लहान, लाल. गणपती मुक्ताने नेला. फडताळावर तुझा फोटो आहे, त्याच्यापुढे ठेवलं. दिवसभर मोरीतले नळ आणि गॅरेजची फळ्यांची कपाटं बघत होतो. दुपारी तुझ्या नियमाने ते फूल उचललं, पेटीचं झाकण सरकवलं आणि दिव्याखालच्या चपट्या दगडावर ठेवलं. फटीत अंधार होता. तोंडाशी आलंच होतं, "एक घास..."

म्हटलं नाही, ताई. झाकण लावलं आणि अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घालत बसलो. जरुरीपेक्षा जास्तच घातलं.

परत आलो तेव्हा खोली तशीच होती. दगड तसेच होते. फूल मात्र जरा तिरकं झालं होतं, म्हणून वाकून बघितलं. साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या असतात.

मी मोजल्या. चार होत्या.